सायलेन्सरचा धूर: रंगाआधी वेळ बघा

गाडी धूर सोडायला लागली की पहिला सल्ला हमखास मिळतो, "इंजिन खोलावं लागेल." कधीकधी तो बरोबर असतो. पण पुष्कळ गाड्यांचा धूर एअर फिल्टर, पीसीव्ही वॉल्व्ह (इंजिनात साठणारा वायू बाहेर काढणारी छोटी झडप), एखादा सेन्सर नाहीतर फाटलेला होज (रबरी नळी) बदलून थांबतो. शिवाय एकदा खोललेलं इंजिन कंपनीतून आल्यासारखं परत बसेलच असं नाही. म्हणून गॅरेजचा रस्ता धरण्याआधी एका सकाळी स्वतः तपासणी करून घ्या. ज्यांनी बॉनेट फक्त वायपरचं पाणी भरायला उघडलंय, त्यांनाही हे सगळं जमण्यासारखं आहे.

धूर पांढरा, निळा की काळा, हे सगळेच विचारतात. रंग महत्त्वाचा आहेच, पण धूर नेमका कधी येतो यावरून जास्त कळतं. सकाळच्या पहिल्या स्टार्टला येऊन लगेच थांबतो का? रेस दिली की येतो का? उतार संपून पुन्हा ॲक्सिलरेटर दाबला की येतो का? की गाडी चालू आहे तोवर येतच राहतो? निळा धूर म्हणजे जळणारं ऑइल. तो वॉल्व्ह सीलचाही (वॉल्व्हच्या दांड्यावरचं रबरी सील) असतो आणि पिस्टनच्या रिंगांचाही (पिस्टनभोवतीच्या धातूच्या कड्या). सील काही इंजिनांत हेड (इंजिनाचा वरचा भाग) न उतरवताही बदलता येतात, रिंगांसाठी मात्र इंजिन खालपर्यंत खोलावं लागतं. दोन्हींत धुराचा रंग एकच असतो, वेळ वेगळी असते आणि बिलात फार मोठा फरक पडतो.

स्टार्टर मारण्याआधी

गाडी आदल्या रात्रीपासून सपाट जागी, उघड्यावर उभी असू द्या. बंद गॅरेजात किंवा सोसायटीच्या बेसमेंटमध्ये ही तपासणी करू नका. कार्बन मोनॉक्साइडला रंग नसतो, वास नसतो, आणि गुंगी यायला लागली आहे हे स्वतःला उशिरा कळतं. सोबत एक माणूस, टॉर्च, जुनं पांढरं फडकं आणि मोबाइल एवढं पुरे. धुराचा व्हिडिओ काढायचाच, कारण गॅरेजात पोहोचेपर्यंत इंजिन गरम झालेलं असतं आणि सकाळचा धूर तिथे दाखवता येत नाही.

आधी डिपस्टिक काढा, पुसा, पुन्हा घालून बघा. ऑइलची पातळी दोन खुणांच्या मध्ये हवी. बऱ्याच गाड्यांत या दोन खुणांमध्ये साधारण एक लिटरचा फरक असतो. पातळी वरच्या खुणेच्याही वर असेल तर धुराचं कारण कदाचित इथेच सापडलं. सर्व्हिसिंगमध्ये जास्त ऑइल भरलं गेलं की क्रँक (इंजिनातला फिरणारा मुख्य दांडा) ते घुसळते, फेस होतो, आणि ब्रीदरच्या (इंजिनातला वायू बाहेर नेणारी नळी) वाटेने ते ऑइल इंजिनात जळायला जातं. जास्तीचं ऑइल काढून टाका, मग पुढचं बघू. डिपस्टिकचा वासही घ्या. पेट्रोलचा वास येत असेल आणि पातळी आपोआप वाढलेली दिसत असेल, तर न जळलेलं पेट्रोल ऑइलमध्ये उतरतंय.

मग कूलंटची टाकी. पातळी ठरावीक खुणेवर आहे का, पाण्यावर तेलाचा तवंग आहे का ते बघा. इंजिन पूर्ण थंड आहे याची खात्री असेल तरच रेडिएटरचं झाकण उघडा. गरम इंजिनाचं झाकण उघडलं की उकळतं कूलंट दाबाने तोंडावर येतं. ही चूक कुणीही, कितीही घाईत, करू नये.

ऑइल भरायच्या झाकणाच्या आत चहाच्या रंगाचा, साबणाच्या फेसासारखा थर दिसला की लोक घाबरतात. गाडी रोज दोन-तीन किलोमीटरच चालत असेल तर पावसाळ्यात नि थंडीत असा थर नुसत्या बाष्पानेही जमतो. इंजिन पुरेसं तापत नाही आणि ओल आतच राहते. डिपस्टिकवरचं ऑइलही तसंच दुधाळ असेल तर मात्र कूलंट ऑइलमध्ये मिसळतंय. अशी गाडी स्टार्ट करू नका, कारण पाणी मिसळलेलं ऑइल बेअरिंग खातं.

शेवटी सायलेन्सरच्या टोकाच्या आत फडकं फिरवा. कोरडी काळी काजळी म्हणजे इंधन जास्त जळतंय. काळा पण चिकट, बोटाला तेलकट लागणारा थर म्हणजे ऑइल. पेट्रोल गाडीत थोडी कोरडी काजळी बहुतेक वेळा असतेच, तिची काळजी नको. याउलट, डीपीएफ (काजळी अडवणारा फिल्टर) असलेल्या डिझेल गाडीचा पाइप आतून जवळजवळ स्वच्छ असायला हवा. आपल्याकडे १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ ही प्रदूषणाची मानकं आल्यावर डिझेल कारमध्ये हा फिल्टर सर्रास आला. अशा गाडीच्या पाइपात दाट काजळी सापडली तर फिल्टर आतून तडकलाय किंवा कुणीतरी काढून टाकलाय. जुनी गाडी विकत घेताना हे आवर्जून बघा.

पहिली पाच मिनिटं

सोबतच्या माणसाला स्टार्ट करायला सांगा आणि तुम्ही मागे, थोडं बाजूला उभे राहा. ॲक्सिलरेटरला हात-पाय लावायचा नाही.

थंड सकाळी पातळ पांढरी वाफ येईल. तिला धूर समजू नका. एक लिटर पेट्रोल जळलं की जवळपास तेवढंच पाणी तयार होतं, आणि थंड पाइपात त्याची वाफ दिसते, थेंबही गळतात. सीएनजीवर हे आणखी जास्त दिसतं, कारण मिथेनमध्ये हायड्रोजनचं प्रमाण जास्त असतं. डिसेंबर-जानेवारीत पुण्या-नाशिककडे सीएनजी गाड्यांच्या सायलेन्सरमधून पाणी टपकतं, त्यात बिघाड काही नाही. वाफ पाइपच्या तोंडापासून जरा पुढे दिसायला लागते आणि हवेत लगेच विरते. पाइप तापला की बंद होते.

स्टार्ट होताच निळसर धुराचा एक लोट आला आणि अर्ध्या-एक मिनिटात थांबला, तर वॉल्व्ह सीलवर संशय घ्या. रात्रभरात हेडमधलं ऑइल कडक झालेल्या रबरी सीलमधून थेंब थेंब खाली उतरतं आणि पहिल्या झटक्यात जळून जातं. गाडी दिवसा तीन-चार तास उभी ठेवून पुन्हा स्टार्ट केल्यावर तसाच, पण कमी धूर आला की संशय आणखी पक्का.

डिझेल गाडीत पहिल्या मिनिटाला पांढरट-राखाडी धूर येतो, डोळ्यांना झोंबतो आणि इंजिन अडखळत चालतं. ते न जळलेलं डिझेल असतं. ग्लो प्लग, ज्याला गॅरेजात हीटर प्लग म्हणतात, तो एखाद्या सिलिंडरचा गेला की असंच होतं. इंजिन तापल्यावरही हा धूर राहिला तर नोझल (डिझेल फवारणारा भाग), डिझेलमधलं पाणी किंवा कमी कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) या दिशेने बघावं लागतं. डिझेल फिल्टरखालचं पाणी काढायचा स्क्रू आधी सोडून बघा, त्याला काही खर्च नाही.

याच वेळात रेडिएटरच्या वरच्या जाड होजवर हात ठेवा. पंख्यापासून आणि पट्ट्यापासून लांब, जपून. इंजिन अजून गार असताना एक-दोन मिनिटांतच होज दगडासारखा टणक झाला तर तो दाब गरम पाण्याचा असू शकत नाही. जळलेला वायू कूलंटमध्ये घुसतोय, म्हणजे हेड गॅस्केट (हेडखालची सील करणारी पट्टी) गेली. रेडिएटरचं झाकण गार असतानाच उघडून इंजिन चालू केलं आणि बुडबुडे एकसारखे येत राहिले तरी अर्थ तोच. नुकतंच कूलंट बदललं असेल तर अडकलेल्या हवेचेही बुडबुडे येतात, पण ते काही मिनिटांत संपतात. इंजिन तापायच्या आत झाकण परत लावा.

गरम झाल्यावर, आणि रस्त्यावर

इंजिन नेहमीच्या तापमानाला आलं की दहा मिनिटं स्लोवर (रेस न देता) चालू ठेवा आणि मग एकदाच हलकी रेस द्या, साधारण अडीच-तीन हजार आरपीएमपर्यंत. स्लोवर काही नाही आणि रेस दिल्यावर निळा ढग आला, तर साठलेलं ऑइल वॉल्व्हच्या सील-गाइडमधून (गाइड म्हणजे वॉल्व्ह ज्यात सरकतो ती नळी) किंवा टर्बोच्या (इंजिनात दाबाने हवा भरणारा पंखा) सीलमधून आलंय. रेस जितका वेळ धराल तितका वेळ निळा धूर येत राहिला तर रिंगांकडे बोट जातं.

आता ऑइलचं झाकण सैल करून त्यावर हात धरा. पेट्रोल इंजिनात किंचित ओढ जाणवायला हवी. उलट आतून भकाभका हवा बाहेर येत असेल तर त्याला मेकॅनिक बॅक कॉम्प्रेशन म्हणतात. सिलिंडरमधला दाब रिंगांना चुकवून खाली येतोय, किंवा पीसीव्ही वॉल्व्ह तुंबल्यामुळे त्याला जायला वाट नाही. वॉल्व्ह स्वस्त आहे, आधी तो साफ करा किंवा बदला, आणि मगच रिंगांचा विचार करा. टर्बो डिझेलला थोडी हवा येणं नैसर्गिक आहे, तिथे या एका खुणेवर निकाल लावू नये.

रस्त्यावरची सगळ्यात चांगली परीक्षा घाटात होते. खंबाटकी असो की कसारा, लांब उतार कमी गिअरमध्ये, ॲक्सिलरेटर पूर्ण सोडून उतरा. इंजिनात त्या वेळी जोरदार ओढ तयार होते आणि वॉल्व्ह गाइडमधून ऑइल आत खेचलं जातं. उतार संपून ॲक्सिलरेटर दाबला की मागच्या गाडीतल्या सोबत्याला निळा लोट दिसतो. चढावर पूर्ण दाबून जाताना निळा धूर सतत राहिला तर रिंगा. चढावर डिझेल गाडीने काळा धूर सोडला आणि पिकअपही गेला असेल, तर बॉनेटखाली "हुस्स" आवाज येतो का ते ऐका. टर्बोपासून इंटरकूलरपर्यंत (ती हवा गार करणारी जाळी) जाणारा होज फाटला किंवा क्लिपमधून निसटला की हवा बाहेर जाते आणि डिझेल तेवढंच पडत राहतं.

डीपीएफवाली गाडी कधीकधी चालता चालता स्वतःचा फिल्टर जाळून साफ करते. तेव्हा स्लो थोडा वाढतो, पंखा जोरात फिरतो, करपल्यासारखा वास येतो, थोडा पांढरट धूरही दिसू शकतो. घाबरून गाडी बंद करू नका, पंधरा-वीस मिनिटं चालवत राहा. फक्त अशा वेळी वाळलेल्या गवतावर उभी करू नका, सायलेन्सर प्रचंड तापलेला असतो.

काळ्या धुराचं

काळा धूर हा तिघांत सगळ्यात कमी खर्चाचा, म्हणून इथे घाई अजिबात नको. इंधन जास्त आणि हवा कमी, एवढंच त्याचं कारण. एअर फिल्टर काढा आणि उन्हाकडे धरून बघा. उजेड दिसत नसेल तर बदला. उसाच्या हंगामात, कच्च्या रस्त्यांवर किंवा बांधकामाच्या धुळीत फिरणाऱ्या गाडीला मॅन्युअलमधल्या किलोमीटरची वाट बघायची नसते.

फिल्टर ठीक असेल तर पेट्रोल गाडीला स्कॅनर लावा. मोबाइलला जोडायचे छोटे ओबीडी स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरमधले बिघाडाचे कोड वाचणारे) ऑनलाइन मिळतात आणि नवशिक्यालाही वापरता येतात. पी०१७२ हा कोड मिश्रणात इंधन जास्त असल्याचा, पी०३०० ते पी०३०४ मिसिंगचे (सिलिंडरमध्ये इंधन नीट न जळण्याचे). पण कोड आला म्हणून लगेच तो पार्ट बदलू नका, चालू आकडे वाचा. एक तपासणी मला फार आवडते. रात्रभर उभ्या गाडीला सकाळी स्कॅनर लावून, स्टार्ट न करता, कूलंटचं तापमान आणि आत येणाऱ्या हवेचं तापमान बघायचं. दोन्ही बाहेरच्या हवेइतकेच हवेत. हवा १८ अंश आणि कूलंट उणे ४० दाखवत असेल तर सेन्सरची वायर तुटली आहे किंवा त्याचा कनेक्टर सुटलाय. कूलंट खऱ्यापेक्षा बरंच थंड दिसत असेल, तर इंजिनाचा कॉम्प्युटर थंडी समजून जादा पेट्रोल देत राहतो. काळा धूर, पडलेलं ॲव्हरेज आणि कच्च्या पेट्रोलचा वास, या तिन्हींच्या मागे असा एखादा लहान सेन्सर असू शकतो. तो बरोबर असेल तर गळका इंजेक्टर, ऑक्सिजन सेन्सर, हवा मोजणारा सेन्सर या क्रमाने पुढे जा. डिझेलला फिल्टर आणि होजनंतर उघडा अडकलेला ईजीआर वॉल्व्ह (जळलेला वायू परत इंजिनात सोडणारी झडप), मग नोझल.

स्पार्क प्लग रांगेने मांडा

पेट्रोल गाडीत इतका सांगणारा दुसरा पार्ट नाही. इंजिन गार झाल्यावर प्लग काढा आणि कागदावर १, २, ३, ४ लिहून ज्या सिलिंडरचा प्लग त्या आकड्यावरच ठेवा. टोकावर फिकट तपकिरी रंग म्हणजे ठणठणीत. कोरडी काळी काजळी म्हणजे इंधन जास्त. ओला, काळा, तेलकट म्हणजे त्या सिलिंडरमध्ये ऑइल उतरतंय. तीन तपकिरी आणि एकच असा स्वच्छ की जणू नवा कोरा, तर खूश होऊ नका. त्या सिलिंडरमध्ये कूलंट जातंय आणि वाफेने प्लग धुतला जातोय. एक प्लग बिघडलेला असेल तर दुखणं त्या सिलिंडरचं, चारही सारखे असतील तर दुखणं सगळ्यांना लागू असलेल्या गोष्टीचं, म्हणजे फिल्टर, सेन्सर, पीसीव्ही. प्लग परत लावताना आधी हाताने फिरवा, आटे चुकले तर हेडचं काम निघेल.

पांढरा, दाट, न थांबणारा

गरम इंजिनातून पांढरा धूर सुरूच असेल, गोडसर वास येत असेल आणि बाहेर कुठे गळती नसताना कूलंट कमी होत असेल, तर गाडी चालवणं थांबवा. "पाणी टाकत टाकत नेऊ" हा विचार सगळ्यात महाग पडतो. आज गॅस्केट आणि हेडच्या फेसिंगवर (हेडचा पृष्ठभाग सपाट करणं) भागणारं काम उद्या वाकलेल्या हेडवर नाहीतर बेअरिंगवर जातं. कूलंट सिलिंडरमध्ये साचलं असेल तर पाणी दाबलं जात नाही, आणि स्टार्ट करताना कनेक्टिंग रॉड (पिस्टन आणि क्रँक जोडणारा दांडा) वाकतो. पुराच्या पाण्यात बुडालेली गाडी स्टार्ट करू नये ती याचसाठी. टो करून न्या.

गॅरेजात काय मागायचं

मेकॅनिकला रोग सांगू नका, लक्षणं सांगा. "रिंगा गेल्यात वाटतं" म्हटलं की रिंगाच बदलल्या जातात. "सकाळी स्टार्टला अर्धा मिनिट निळा, नंतर नाही, हजार किलोमीटरला एवढं ऑइल लागतं" असं सांगितलं आणि व्हिडिओ दाखवला की चांगला मेकॅनिक लगेच योग्य दिशेला जातो.

ऑइल किती लागतं ते मोजून ठेवा. वरच्या खुणेपर्यंत भरा, मीटरचा आकडा लिहा, हजार किलोमीटरनंतर त्याच सपाट जागी पुन्हा बघा. काही कंपन्या हजार किलोमीटरला एक लिटरपर्यंतचा खप चालण्याजोगा मानतात. माझ्या मते तेवढा खप होत असेल तर कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धुरातले विषारी वायू कमी करणारा भाग) वाचवण्यासाठी तरी कारण शोधावं.

इंजिन खोलण्याआधी कॉम्प्रेशन टेस्ट करून घ्याच. सगळे प्लग काढून, थ्रॉटल पूर्ण उघडा ठेवून, बॅटरी चार्ज असताना. चांगल्या पेट्रोल इंजिनात साधारण १५० ते २०० पीएसआय (दाबाचं एकक) मिळतात, पण आकड्यापेक्षा चारही सिलिंडर एकमेकांच्या जवळ असणं महत्त्वाचं. एखादा कमी आला तर त्यात चमचाभर ऑइल टाकून पुन्हा मोजायला सांगा. दाब वाढला तर रिंगा, तसाच राहिला तर वॉल्व्ह किंवा गॅस्केट. शेजारचे दोन कमी असतील तर त्या दोघांमधली गॅस्केट. आणि एक लक्षात असू द्या, कॉम्प्रेशन उत्तम असूनही गाडी ऑइल पिऊ शकते. वॉल्व्ह सीलचा कॉम्प्रेशनशी संबंध नाही, आणि पिस्टनवरची ऑइलची रिंग कार्बनने चिकटली तरी वरच्या दोन रिंगा दाब धरून ठेवतात.

गॅस्केटचा संशय असेल तर ब्लॉक टेस्ट मागा. रेडिएटरच्या तोंडावर नळी लावून तिथली हवा निळ्या द्रवातून ओढतात, जळलेला वायू असेल तर पेट्रोल इंजिनात तो पिवळा होतो. काही मिनिटांचं काम आहे.

टर्बोचा निकाल इंटरकूलरच्या होजवर लावला जातो आणि तिथे फसगत होते. होजच्या आत ऑइलचा पातळ थर नेहमीच असतो, तो ब्रीदरचा. होज वाकवल्यावर ऑइल ओघळलं तर मात्र टर्बोकडे बघा, आणि टर्बो बदलण्याआधी त्याचा ऑइल परत नेणारा पाइप तुंबलाय का ते बघायला लावा. तो तसाच राहिला तर नवा टर्बोही धूर सोडेल.

टर्बोचं सील पूर्ण गेलेलं डिझेल इंजिन कधी स्वतःचंच ऑइल जाळत बेफाम रेस घेतं. चावी बंद करूनही ते थांबत नाही. मॅन्युअल गाडी असेल तर ब्रेक गच्च दाबा, सगळ्यात वरचा गिअर टाका आणि क्लच सोडून इंजिन बंद पाडा. ऑटोमॅटिक असेल तर गाडी उभी करून सगळ्यांना लांब न्या. बॉनेटमध्ये डोकं घालू नका.

पीयूसीची पावतीही जपून ठेवा. पेट्रोल गाडीच्या पावतीवर कार्बन मोनॉक्साइडचा आकडा असतो, बीएस-४ आणि पुढच्या गाड्यांना मर्यादा ०.३ टक्के. पास झाली तरी मागच्या पावतीशी ताडून बघा, आकडा चढत असेल तर मिश्रण बिघडतंय. सकाळचा निळा धूर मात्र पीयूसीत पकडला जात नाही, कारण तिथे गाडी गरम होऊनच पोहोचते. जुनी गाडी बघायला गेलात आणि बॉनेट आधीच गरम लागलं, तर दुसऱ्या दिवशी सकाळी, इंजिन गार असताना येतो म्हणून सांगा.

काम झाल्यावर गाडी हातात आली की थोडा धूर येतोच, त्यावरून भांडू नका. सायलेन्सरमध्ये आधीचं कूलंट किंवा ऑइल मुरलेलं असतं, ते जळायला अर्धा-पाऊण तास मोकळ्या रस्त्यावर चालवावं लागतं, ऑइल असेल तर कधी दोन-तीन दिवसही. त्यानंतर कूलंटच्या टाकीवर मार्करने रेघ मारा, ऑइल वरच्या खुणेला आणा, मीटरचा आकडा लिहा आणि हजार किलोमीटरनंतर तीच तपासणी पहाटे, गार इंजिनावर पुन्हा करा.